बॉइल नियम

तापमान स्थिर ठेवले असता ठराविक वस्तुमानाच्या वायूचे घनफळ त्याच्यावरील दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, या नियमास बॉइल नियम म्हणतात. दाब दुप्पट केला, तर घनफळ निम्मे होते. दाब एकतृतीयांश केला, तर घनफळ तिप्पट होते. दाबासाठी ‘दा’ व घनफळासाठी ‘घ’ ही अक्षरे वापरल्यास हा नियम दा × घ = स्थिरांक असा मांडता येतो. एकाच वायूच्या दोन अवस्थांची तुलना करताना दा₁ × घ₁ = दा₂ × घ₂ हे रूप अधिक सोयीचे पडते. दाब व घनफळ यांचा आलेख काढल्यास आयताकृती अपास्त हा वक्र मिळतो. प्रत्येक तापमानासाठी असा एक स्वतंत्र वक्र असतो व त्याला त्या तापमानाचा समतापी वक्र म्हणतात.

नियमाचे शब्द थोडे असले, तरी त्यांतील तीन शब्दांकडे दुर्लक्ष झाल्यास उत्तर हमखास चुकते. वायूचे वस्तुमान ‘ठराविक’ असले पाहिजे, म्हणजे वायू कोठूनही आत येता अथवा बाहेर जाता कामा नये. तापमान ‘स्थिर’ असले पाहिजे. आणि ‘दाब’ म्हणजे वायूवरील एकूण दाब, केवळ आपण मुद्दाम दिलेला जादा दाब नव्हे. पहिल्या दोन अटी विद्यार्थी पाठ म्हणून दाखवतात. तिसरी अट नियमात शब्दशः दिलेली नसते आणि बहुतेक घोटाळे तेथेच होतात. आपण सर्वजण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो व त्या हवेचा दाब प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सतत पडत असतो. तो सर्वत्र सारखा नसतो. समुद्रकाठच्या रत्नागिरीस तो पाऱ्याच्या सु. ७६ सेंमी. उंचीच्या स्तंभाइतका असतो, तर सु. ५५० मी. उंचीवरील कोल्हापूरच्या परिसरात तो सु. ७१ सेंमी. भरतो. पाच सेंटिमीटरांचा हा फरक किरकोळ वाटतो, पण तो किरकोळ नाही, हे पुढे दिसून येईल.

इतिहास : इटालियन शास्त्रज्ञ एव्हांजेलीस्ता तोर्रीचेल्ली यांच्या १६४३ मधील पाऱ्याच्या नळीच्या प्रयोगामुळे हवेला वजन व दाब असतो, ही कल्पना पुढे आली. आयर्लंडमध्ये जन्मलेले रॉबर्ट बॉइल (१६२७–९१) यांनी रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांच्या साहाय्याने १६५९ मध्ये एक वातपंप तयार करविला आणि त्यावरील प्रयोगांचा ग्रंथ १६६० मध्ये प्रसिद्ध केला. हवेला एक प्रकारचा ‘स्प्रिंगपणा’ असतो, दाबलेली हवा लोकरीच्या गुंतवळीप्रमाणे पुन्हा फुगू पाहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रान्सिस लाइनस या जेझुइट विद्वानांना ते मान्य झाले नाही. नळीतील पारा हवेच्या दाबाने उचलला जात नसून पाऱ्याच्या वर असलेल्या एका अदृश्य तंतूने तो ओढून धरलेला असतो, असे त्यांचे म्हणणे होते. आज ते विचित्र वाटले, तरी बॉइल यांचा नियम जन्मास आला, तो या आक्षेपाला उत्तर देण्याच्या निमित्ताने. हवेचा स्प्रिंगपणा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरण्यास पुरेसा आहे, इतकेच नव्हे, तर त्याहून पुष्कळ अधिक भारही तो पेलू शकतो, हे मोजून दाखवणे त्यांना भाग पडले.

त्यासाठी त्यांनी एक लांब काचनळी इंग्रजी ‘जे’ या अक्षराप्रमाणे वाकविली. आखूड भुजेचे टोक बंद होते व लांब भुजेचे उघडे. आखूड भुजेत हवा कोंडली जाईल अशा रीतीने पारा ओतला व दोन्ही भुजांतील पातळी सारखी केली. त्यानंतर लांब भुजेत आणखी पारा ओतत कोंडलेल्या हवेच्या स्तंभाची लांबी मोजली. १६६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोष्टकात हवेच्या स्तंभाचे ४८ भाग असताना दाब २९ १/८ इंच पारा आहे. २४ भाग उरले तेव्हा तो ५८ १३/१६ इंच व १२ भाग उरले तेव्हा ११७ ९/१६ इंच झाला. या जोड्यांचे गुणाकार अनुक्रमे १,३९८, १,४११.५ आणि १,४१०.७५ येतात, म्हणजे फरक शेकडा एकाच्या आसपास आहे. हाताने फुंकलेल्या, आतून सर्वत्र सारखा व्यास नसलेल्या नळीने मिळविलेले हे यश विलक्षण मानावे लागेल. बॉइल यांनी मोजलेल्या दाबाशेजारी एक स्वतंत्र रकाना करून व्यस्त प्रमाणाच्या गृहीतानुसार दाब किती यावयास हवा होता, तेही लिहून ठेवले आहे. २४ भागांसमोर तेथे ५८ २/८ व १२ भागांसमोर ११६ ४/८ हे आकडे आहेत. मोजलेले व अपेक्षित असे दोन्ही आकडे वाचकासमोर ठेवण्याची ही पद्धत त्या काळी नवी होती.

व्यस्त प्रमाणाची कल्पना मात्र सर्वस्वी बॉइल यांची नव्हती. हेन्री पॉवर व रिचर्ड टाउनली यांनी १६६१ मध्ये असेच प्रयोग केले होते आणि टाउनली यांनी हे गृहीत सुचविल्याचे बॉइल यांनी स्वतः नमूद केले आहे. फ्रान्समध्ये एद्‌म मारीऑत यांनी १६७६ च्या सुमारास हाच नियम मांडला, म्हणून यूरोपातील काही देशांत तो मारीऑत यांच्या नावाने किंवा जोडनावाने ओळखला जातो.

बॉइल यांच्या मांडणीतील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. समान पातळीच्या वेळी म्हणजे स्वतः ओतलेल्या पाऱ्याची उंची शून्य असताना त्यांनी दाब शून्य लिहिलेला नाही. त्या दिवशीचा हवेचा दाब त्यांनी २९ १/८ इंच धरला व प्रत्येक नोंदीत तो मिळविला. लाइनस यांच्याशी चाललेला सारा वाद हवेच्या दाबाविषयीच असल्यामुळे त्याचा विसर पडणे त्यांना शक्यच नव्हते.

प्रयोगशाळेतील पडताळा : महाविद्यालयीन प्रयोगांत दोन काचनळ्या रबरी नळीने जोडलेल्या असतात, एक वरून बंद, दुसरी उघडी व वरखाली सरकविता येण्याजोगी. समजा, कोल्हापुरात वायुदाबमापक ७१ सेंमी. दाखवत आहे व समान पातळीच्या वेळी कोंडलेल्या हवेची लांबी २० सेंमी. आहे. तर गुणाकार १,४२० आला. नियमानुसार हवेची लांबी १५ सेंमी. करण्यास पाऱ्याच्या पातळ्यांत २३.७ सेंमी., १२ सेंमी. करण्यास ४७.३ सेंमी. व १० सेंमी. करण्यास ७१ सेंमी. फरक लागेल. आता पुस्तकात ‘वातावरणाचा दाब ७६ सेंमी.’ असे छापले आहे म्हणून एखाद्याने याच वाचनांत ७६ मिळविले, तर गुणाकार अनुक्रमे १,५२०, १,४९६, १,४८० व १,४७० असे येतील. ही चूक इकडेतिकडे विखुरलेली नसून ती एकाच दिशेने उतरत जाते. त्यामुळे दाब वाढेल तसा गुणाकार कमी होतो, म्हणजे हवा नियम पाळत नाही, असा खोटाच निष्कर्ष निघतो. वाचने अचूक असताना प्रयोग फसतो व दोष उपकरणावर जातो. हे सांगणे अनावश्यक वाटेल. पण प्रयोगवह्या तपासण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना तसे वाटणार नाही.

यातच आणखी एक फसवी वाट आहे. हवामानवृत्तांत किंवा हवामान नकाशावर कोल्हापूरचा दाब १,०१० हेक्टोपास्कल असा दिलेला आढळतो. तो खरा कोल्हापुरातील दाब नसून, निरनिराळ्या उंचींवरील ठिकाणांची तुलना करता यावी म्हणून हिशेबाने समुद्रसपाटीवर आणलेला दाब असतो. प्रत्यक्ष कोल्हापुरात तो सु. ९५० हेक्टोपास्कल असतो. बॉइल नियमासाठी हाच दुसरा आकडा लागतो, कारण नळीतील पाऱ्याला कोल्हापूरची हवा दाबत असते.

वायुदाबमापक नसलेल्या शाळेतही हा प्रयोग नीट करता येतो. पाऱ्याच्या पातळ्यांतील फरक उभ्या अक्षावर व हवेच्या लांबीचा व्युत्क्रम (१ भागिले लांबी) आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढावा. नियम खरा असेल, तर बिंदू एका सरळ रेषेत येतात. ती रेषा मागे वाढवून उभ्या अक्षास मिळविली, तर ती शून्याच्या खाली ज्या ठिकाणी मिळते, ते अंतर म्हणजेच त्या जागेचा हवेचा दाब होय. व्युत्क्रम शून्य होणे म्हणजे हवेची लांबी अनंत होणे व तिच्यावरील एकूण दाब नाहीसा होणे. एकूण दाब शून्य करण्यास पाऱ्याच्या पातळ्यांत उलट दिशेने जेवढा फरक पाडावा लागेल, तेवढाच वातावरणाचा दाब असला पाहिजे. वरील उदाहरणात रेषा ऋण ७१ वर मिळते. आकडा पुस्तकातून उचलण्याऐवजी प्रयोगातूनच काढण्याची ही रीत प्रस्तुत लेखकाच्या मते गुणाकारांच्या कोष्टकापेक्षा अधिक शिकवून जाते. पारा विषारी असल्याने त्याचा वापर कमी करण्याचा जागतिक करार २०१३ मध्ये झाला व २०१७ मध्ये तो अंमलात आला. अलीकडे पाऱ्याऐवजी अंशांकित पिचकारी व विद्युतीय दाबमापक वापरण्याकडे कल आहे. उपकरण बदलले, तरी ते दाखवीत असलेला दाब एकूण आहे की केवळ वातावरणाहून जादा आहे, हे आधी पाहून घ्यावेच लागते.

नळी आतून कोरडी असणेही आवश्यक असते. पाण्याचा एखादा थेंब राहिला, तरी कोंडलेल्या हवेत पाण्याची संपृक्त वाफ मिसळते. ही वाफ दाबली असता तिचा दाब वाढत नाही. तिचा काही भाग पाणी होऊन बाहेर पडतो व दाब तापमानावरच अवलंबून राहतो. २५° से. तापमानास तो पाऱ्याच्या सु. २.४ सेंमी. इतका असतो. ओल्या हवेतील फक्त कोरडा भाग नियम पाळतो, म्हणून एकूण दाबातून वाफेचा दाब वजा करावा लागतो.

कळंबा तलावातील बुडबुडा : कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस कळंबा गावाजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला तलाव आहे. अशा कोणत्याही जुन्या तलावाच्या तळाशी गाळात पालापाचोळा कुजून मिथेन वायू तयार होतो व त्याचे बुडबुडे अधूनमधून वर येताना दिसतात. बॉइल नियमाचा हा प्रयोग निसर्गतःच चाललेला असतो. बुडबुड्यावर दोन दाब असतात : त्याच्या वरील पाण्याचा व पाण्याच्या वरील हवेचा. कोल्हापूर परिसरातील हवेचा दाब पाण्याच्या सु. ९.७ मी. उंचीच्या स्तंभाएवढा आहे (समुद्रकाठी तो सु. १०.३ मी. भरतो). तलावात ज्या ठिकाणी पाणी ५ मी. खोल असेल, तेथे तळाशी एकूण दाब १४.७ मी. पाण्याइतका व पृष्ठभागी ९.७ मी. इतका होईल. म्हणून वर येईपर्यंत बुडबुड्याचे घनफळ १४.७ भागिले ९.७, म्हणजे सु. दीडपट होईल. हवेचा दाब विसरून केवळ पाण्याचाच दाब धरला, तर पृष्ठभागी दाब शून्य व बुडबुडा अनंत मोठा होईल! उत्तर इतके हास्यास्पद आले की चूक लगेच ध्यानात येते; ७१ च्या जागी ७६ लिहिण्याची चूक मात्र तशी बोचत नाही, आणि म्हणूनच ती टिकून राहते.

दीडपट फुगलेला बुडबुडा काठावरून पाहणाऱ्यास फारसा मोठा झालेला दिसत नाही, कारण घनफळ दीडपट होताना व्यास केवळ १५ टक्क्यांनी वाढतो. प्रत्यक्षात इतरही काही गोष्टी घडत असतात. तळाचे पाणी पृष्ठभागापेक्षा काही अंश थंड असेल, तर वर येताना वायू किंचित तापून आणखी फुगतो. ३ अंशांच्या फरकामुळे ही वाढ सु. १ टक्का होते. पृष्ठताणामुळे बुडबुड्याच्या आतील दाब बाहेरच्यापेक्षा थोडा अधिक असतो, पण एक मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यात ही वाढ केवळ दीड सेंटिमीटर पाण्याइतकी असते. थोडा मिथेन पाण्यात विरघळतो. नियम खोटा ठरविण्याइतके यांपैकी काहीच मोठे नाही. मात्र सूक्ष्म मोजमाप करणाऱ्यास ते हिशेबात घ्यावे लागते.

हाच प्रकार कोकणातून घाट चढून येणाऱ्या प्रवाशांच्या परिचयाचा आहे. समुद्रकाठी भरलेली वेफरची हवाबंद पिशवी आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट चढून आल्यावर टम्म फुगलेली दिसते. पिशवी मोकळेपणी ताणली जाणारी असती, तर आतील हवेचे घनफळ कोल्हापुरात सु. ६ ते ७ टक्क्यांनी वाढले असते.

नियमाचा रेणवीय अर्थ : वायूतील रेणू सर्व दिशांना वेगाने धावत असतात व पात्राच्या भिंतींवर आदळत असतात. या असंख्य आघातांचा एकत्रित परिणाम म्हणजे दाब. तापमान स्थिर असल्यास रेणूंचा सरासरी वेग बदलत नाही, म्हणून प्रत्येक आघाताचा जोर तोच राहतो. घनफळ निम्मे केल्यास तेवढेच रेणू निम्म्या जागेत दाटतात, भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला दुप्पट आघात होतात आणि दाब दुप्पट होतो. डॅनियल बेर्नुली यांनी १७३८ मध्येच हे स्पष्टीकरण दिले होते. त्याची योग्यता पटण्यास मात्र एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. हवेच्या स्प्रिंगपणासाठी बॉइल यांनी वापरलेली लोकरीची उपमा येथे गळून पडते. वायूच्या कणांना स्प्रिंगा नसतात; ते केवळ धावत असतात.

तापमानाची अट : वायू दाबताना त्याच्यावर कार्य करावे लागते व त्यामुळे तो तापतो. सायकलच्या पंपाचे तोंड हा सर्वांच्या अनुभवाचा पुरावा आहे. तापमान स्थिर ठेवावयाचे, तर वायू सावकाश दाबून ही उष्णता बाहेर जाण्यास अवधी दिला पाहिजे. याउलट क्रिया इतकी जलद झाली की उष्णतेला बाहेर पडण्यास वेळच मिळाला नाही, तर तिला रुद्धोष्म क्रिया म्हणतात आणि मग बॉइल नियम लागू पडत नाही. न्यूटन यांनी १६८७ मध्ये हवेतील ध्वनीचा वेग काढताना ध्वनिलहरींतील हवा बॉइल नियमानुसार दाबली जाते असे धरले व त्यांचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा सु. १६ टक्क्यांनी कमी आले. ध्वनीच्या कंपनांत हवेला थंड होण्यास अवसर नसतो, हे लाप्लास यांनी १८१६ मध्ये दाखविल्यावर ही तफावत मिटली.

डीझेल एंजिनाचे उदाहरण याहूनही उद्बोधक आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तेल-एंजिने व त्यांचे सुटे भाग बनविण्याची परंपरा असल्याने ते येथे परक्याचे नाही. अशा एंजिनात दट्ट्या सिलिंडरमधील हवा, समजा, एक सोळांश घनफळात दाबतो. बॉइल नियमाप्रमाणे दाब १६ पट व्हावयास हवा. पण दट्ट्याचा फेरा सेकंदाच्या अल्पांशात होतो, उष्णता आतच राहते आणि रुद्धोष्म गणिताने दाब सु. ४८ पट होतो. २७° से. तापमानाची हवा याच गणिताने सु. ६३५° से. पर्यंत तापते, प्रत्यक्षात भिंतींतून काही उष्णता निसटल्याने दाब व तापमान दोन्ही थोडे कमी भरतात. तरीही ही हवा इतकी तप्त असते की तीत फवारलेले तेल ठिणगीवाचून पेटते. हवेने तेथे बॉइल नियम पाळला असता, तर एंजिन सुरूच झाले नसते. थंडीच्या सकाळी हाताने हळू फिरविलेले एंजिन पेटण्यास कुरकुरते, याचे एक कारण हेच की हळू फिरविल्याने हवा रुद्धोष्म अवस्थेकडून समतापी अवस्थेकडे झुकते.

नियमापासून विचलन : नेहमीच्या तापमानास व वातावरणाच्या एकदोन पट दाबापर्यंत हवेचे विचलन हजारांत एकापेक्षाही कमी असते. आंरी व्हीक्तॉर रेन्यो यांच्या १८४७ मधील काटेकोर मोजमापांनंतर मात्र कोणताही खरा वायू हा नियम पूर्णतः पाळत नाही, हे निर्विवाद झाले. रेणूंना स्वतःचा आकार असतो व त्यांच्यात परस्पर आकर्षण असते. आकर्षणामुळे घनफळ नियमापेक्षा कमी भरते, तर आकारामुळे अतिउच्च दाबाखाली ते अधिक भरते. व्हान डर व्हाल्स यांनी १८७३ मध्ये या दोन्ही गोष्टी एका समीकरणात आणल्या. प्रत्येक वायूच्या बाबतीत एका विशिष्ट तापमानास हे दोन परिणाम बऱ्याच दाबापर्यंत परस्परांना खोडून काढतात. या तापमानास बॉइल तापमान म्हणतात. नायट्रोजनासाठी ते सु. ५४° से. व हायड्रोजनासाठी सु. –१६३° से. आहे.

विचलनाचे टोक म्हणजे वायूचे द्रवीभवन. टॉमस अँड्रूझ यांनी १८६९ मध्ये दाखविले की, कार्बन डाय-ऑक्साइड सु. ३१° से. या क्रांतिक तापमानाखाली दाबत नेल्यास एका ठराविक दाबाला द्रव होऊ लागतो. त्यानंतर घनफळ घटत जाते, पण दाब वाढत नाही. या तापमानाच्या वर कितीही दाबला, तरी तो द्रवरूप होत नाही. उन्हाळ्यातील दुपारी कोल्हापुरातील तापमान ३१ अंशांच्या बरेच वर जाते, त्यामुळे अग्निशामक नळकांड्यात सकाळी असलेला द्रव दुपारी नाहीसा झालेला असू शकतो. स्वयंपाकघरातील गॅस सिलिंडरची गोष्टही अशीच आहे. त्यातील १४.२ किग्रॅ. इंधन बहुतांशी द्रवरूप असते. जोवर तळाशी द्रव शिल्लक आहे, तोवर आतील दाब केवळ तापमानाने ठरतो. सिलिंडर भरलेला असो वा जवळजवळ रिकामा, दाब तोच. म्हणून तेथे दाबावरून शिल्लक कळत नाही, ती वजनावरूनच काढावी लागते.

उपयोग : ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये याच्या उलट स्थिती असते. नेहमीच्या तापमानास ऑक्सिजन द्रवरूप होऊ शकत नाही, त्यामुळे दाब व शिल्लक यांचे प्रमाण बॉइल नियमाने ठरते. रुग्णालयांतील मोठ्या सिलिंडरची अंतर्गत धारणक्षमता सु. ४६.७ लि. असते व तो वातावरणाच्या १५० पट दाबाने भरतात. १५० गुणिले ४६.७ म्हणजे सु. ७,००० लि.; म्हणूनच त्याला सात घनमीटरांचा सिलिंडर म्हणतात. (ऑक्सिजनाच्या विचलनामुळे प्रत्यक्षात काही टक्के वायू अधिक मावतो.) २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत हा गुणाकार अनेक घरांत रात्री-अपरात्री करावा लागला. दाबमापक ६० दाखवीत असेल व त्यांतील १० राखीव ठेवायचे असतील, तर ५० गुणिले ४६.७ म्हणजे सु. २,३३५ लि. वायू वापरता येतो. मिनिटाला ५ लि. या गतीने तो पावणेआठ तास पुरेल. रात्री अकराला हे वाचन घेतले, तर पहाटे पावणेसातच्या आत दुसरा सिलिंडर दारात हवा. येथे दाबमापकावरील आकड्यात वातावरणाचा एक मिळविण्यास विसरले, तरी बिघडत नाही, कारण साठापुढे एक नगण्य आहे.

कमी दाबाला तसे म्हणता येत नाही. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींतील ओतशाळांत साचे ठोकण्यास व ओतीव वस्तू घासण्यास दाबाखालील हवा वापरतात. ५०० लि. टाकीवरील मापक ७ किग्रॅ. प्रति चौ.सेंमी. दाखवीत असताना टाकीतून बाहेर काढता येणारी हवा मोकळ्या वातावरणात किती जागा व्यापेल? कोल्हापुरात वातावरणाचा दाब सु. ०.९७ किग्रॅ. प्रति चौ.सेंमी. असल्याने ती सु. ३,६०० लि. होईल; मुंबईत तीच सु. ३,४०० लि. भरेल. म्हणजे तोच दाब गाठण्यासाठी कोल्हापुरातील कॉम्प्रेसरला सु. ६ ते ७ टक्के अधिक हवा आत ओढावी लागते. किनाऱ्यावरील परिस्थितीसाठी नोंदविलेली क्षमता पाहून घेतलेले यंत्र घाटावर अपुरे पडण्याचे हे एक कारण असते.

श्वासोच्छ्वासाची क्रियाही याच नियमावर चालते. छातीचा पिंजरा फुगला की फुप्फुसांतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित, शांत श्वासात पाऱ्याच्या सु. १ मिमी. इतका, उतरतो व हवा आत शिरते. पाणबुड्याच्या बाबतीत मात्र नियमाचे उग्र रूप दिसते. विहिरीत सूर मारणारा पोहणारा वरच श्वास घेऊन खाली जातो. त्याची फुप्फुसे खोलीवर आकसतात व वर येताना पूर्ववत होतात, म्हणून त्याला या कारणाने धोका नसतो. पाठीवर हवेचे नळकांडे घेऊन उतरणारा मात्र खोलीवरच्या दाबाची हवा श्वासात घेतो. तारकर्लीसारख्या ठिकाणी समुद्रात १० मी. खोलीवर घेतलेला श्वास रोखून धरून तो वर आला, तर ती हवा दुप्पट फुगू पाहील व फुप्फुस फाटू शकेल. म्हणूनच वर येताना श्वास कधीही रोखू नये, ही पाणबुड्यास दिली जाणारी पहिली सूचना असते. ३० मीटरांवरून २० मीटरांवर येताना घनफळ केवळ एकतृतीयांशाने वाढते, तर शेवटच्या १० मीटरांत ते दुप्पट होते. त्यामुळे पृष्ठभागाजवळचे पाणी, नवख्याला जे सर्वांत सुरक्षित वाटते, तेच या दृष्टीने सर्वांत घातक ठरते.